लेग्गाड : मुरमाड रानातल्या एका उंदराची आणि त्याच्या नावाची गोष्ट

बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते. नद्यांचे हे माहेर, पण पाणी इथे फार थांबत नाही. माथ्यावर मुरूम आणि खडक, खोलगट भागात काळी माती, आणि दोहोंच्या मधे बांध. इथला शेतकरी जमिनीचा पोत पायाच्या तळव्याने ओळखतो. उंदरांच्या बाबतीत मात्र त्याची भाषा आखडते. घूस आणि चिचुंद्री वेगळी काढली की बाकीचे सगळे उंदीरच.

प्रत्यक्षात काळ्या रानातला उंदीर वेगळा, घरातला वेगळा आणि मुरमाड माळावरचा आणखी वेगळा. या लेखात गोष्ट आहे ती माळावरच्या उंदराची. त्याच्या पाठीवर मऊ लव नसते. चपटे, राठ, काट्यासारखे केस असतात. इंग्रजी पुस्तकांत त्याला तपकिरी काटेरी उंदीर म्हणतात, शास्त्रीय नाव मुस प्लॅटिथ्रिक्स. ग्रीक भाषेत ‘प्लॅटिस’ म्हणजे चपटा आणि ‘थ्रिक्स’ म्हणजे केस. हे नाव लंडनमध्ये ठेवले गेले. त्याआधी त्याला एक नाव होते, आणि ते ठेवणारे लोक आपल्या ओळखीचे आहेत.

सर्वेक्षण आणि सरहद्द

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या मुलखात काय पिकते, काय चरते, काय उडते आणि काय पळते हे कंपनी सरकारला जाणून घ्यायचे होते. १८२४ साली मुंबई सरकारने हे काम विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवले. त्याचा हुद्दा सांख्यिकी माहिती गोळा करणाऱ्याचा होता, पण त्याला प्राण्यापक्ष्यांचा नाद होता. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरेटांत तो हिंडला. १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. आपल्याकडच्या लांडग्याचे आणि रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन त्याच यादीत आहे. रानकुत्र्याच्या नावात तर त्याने ‘दख्खन’ हा शब्दच घातला.

त्याने नेलेल्या नमुन्यांतले उंदीर एडवर्ड टर्नर बेनेटने तपासले. १८३२ साली बेनेटने ज्या जाती नव्या म्हणून नोंदवल्या त्यांत हा चपट्या केसांचा उंदीर होता. मूळ ठिकाण म्हणून त्याच्यापुढे एकच शब्द लिहिला गेला : दख्खन. गाव नाही, तालुका नाही, जमीन कसली तेही नाही.

पाटोदा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. शेजारचे जामखेड नगर कलेक्टरेटाकडचे. साइक्सचे काम कंपनीच्या हद्दीपुरते, त्यामुळे पाटोदा त्याच्या यादीच्या कडेला, पण पलीकडच्या बाजूला राहिला. माळ मात्र सलग आहे. मुरूम हद्द पाहून थांबत नाही, आणि मुरमात राहणारा उंदीरही थांबत नाही. मराठवाड्याच्या निसर्गाच्या जुन्या नोंदी शोधताना हे सारखे जाणवते : प्राणी इथलाही, कागद मात्र सरहद्दीपलीकडचा.

खड्यांचे दार

बेनेटने केस पाहिले, दात पाहिले, रंग पाहिला. पाठ तपकिरी, पोट पांढरे, शेपूट अंगापेक्षा आखूड. हे मेलेल्या उंदराचे वर्णन झाले. जिवंत उंदीर कसा राहतो हे आणखी काही वर्षांनी लिहिले गेले, आणि ते दक्षिणेकडून आले.

वॉल्टर इलियट हा मद्रास सनदी सेवेतला अधिकारी. धारवाड भागात नोकरीला असताना त्याने तिथल्या प्राण्यांची माहिती जमवली. त्या प्रदेशाला इंग्रज तेव्हा ‘दक्षिण मराठा देश’ म्हणत. १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात त्याची यादी छापून आली. या उंदराबद्दल तो जे सांगतो ते थोडक्यात असे : हा तांबड्या, मुरमाड जमिनीतच राहतो. बीळ फार खोल नसते आणि बहुधा उताराच्या कडेला असते. उंदीर आत असला की तोंड बारीक खड्यांनी बंद केलेले असते. असे खडे बाहेरही साठवलेले दिसतात आणि त्यावरूनच त्याचे घर ओळखू येते. बिळाच्या शेवटी एक खोली, तिच्यात खड्यांचेच अंथरूण, त्यावर हा बसतो. पोटावरचे दाट केस गारठ्यापासून आणि खड्यांच्या टोचण्यापासून त्याला वाचवतात. खाणे वनस्पतींचे. वावर रात्रीचा. आणि राहणे जोडीने.

हे वर्णन पुढे जर्डनच्या १८६७ सालच्या भारतीय सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथात गेले आणि तिथून इतर पुस्तकांत. दारातले खडे, आतले अंथरूण, नर-मादीची जोडी : एवढा तपशील कचेरीत बसून मिळत नाही. त्यासाठी असंख्य बिळे उकरलेली असावी लागतात. ती कोणी उकरली याचा माग इलियटच्याच यादीत आहे. उंदराच्या नावाशेजारी त्याने स्थानिक नावे लिहिली. त्यांत एक होते लेग्गाड. भाषा : वडारांची.

माती आणि दगड जाणणारे

वडार समाज आपल्याला नवा नाही. विहिरी खणणारे, ताली घालणारे, तळ्यांची माती काढणारे, दगड फोडणारे, जाती-पाटे-वरवंटे घडवणारे हे लोक. माती वडार, गाडी वडार, जाते वडार ही नावेच त्यांचा धंदा सांगतात. त्यांची बोली तेलुगूच्या जवळची. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कितीतरी जुन्या विहिरींना, बंधाऱ्यांना आणि रस्त्यांना त्यांचे हात लागलेले आहेत. पावड्याखाली रोज जी जमीन येते, तिच्यात कोण राहते हे त्यांना ठाऊक असणारच. शिवाय उंदीर हे त्यांच्या खाण्यातले होते, आणि उंदीर मारण्यासाठी शेतकरी त्यांनाच बोलवत.

याचा एक प्रसंग इलियटने नोंदवला आहे. १८२६ च्या सुमारास पाऊस कमी झाला आणि काळ्या रानात मऊ केसांचा एक उंदीर बेसुमार वाढला. पेरलेले बी तो उकरून खाई. पीक हाताशी आले की ज्वारीच्या ताटावर चढून कणीस कुरतडून खाली पाडी. शेतेच्या शेते उजाड झाली, शेतकऱ्यांना सारा भरता येईना. शेवटी वडारांना बोलावले. इतक्या डझन उंदरांना इतके मापटे धान्य असा भाव ठरला. त्यांनी हजारोंनी उंदीर मारले, तरी संख्या घटल्याचे जाणवले नाही.

या दुसऱ्या उंदराला वडार मेट्टाड म्हणत. म्हणजे काळ्या मातीच्या भेगांत टोळीने राहणारा तो मेट्टाड, आणि मुरमात जोडीने राहून दारात खडे लावणारा तो लेग्गाड. एक पिकाचा वैरी, दुसऱ्याचा मुक्काम माळावर. शास्त्रज्ञांनी दोन वेगळ्या जाती म्हणून जे नंतर सिद्ध केले, ते वडारांच्या बोलीत दोन वेगळ्या शब्दांत आधीच ठरलेले होते.

नाव कुठे गेले?

इलियटचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले. तिथे जॉन एडवर्ड ग्रे याने १८३७ साली त्यांची शास्त्रीय नावे पाडली, आणि हे करताना स्थानिक शब्दच उचलले. मेट्टाडचे ‘मेल्टाडा’ झाले. शेतातल्या चिमुकल्या उंदराला ‘बूडुगा’ हे इथलेच नाव मिळाले. आणि लेग्गाड या शब्दावरून ‘लेग्गाडा’ हा एक आख्खा गण तयार झाला. पुढची कित्येक दशके युरोपातले प्राणिशास्त्रज्ञ भारतातल्या या लहान आणि राठ केसांच्या उंदरांविषयी लिहिताना वडारांचा शब्द लिहीत होते. तो शब्द कोणाचा, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसणार.

१९११ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. चिठ्ठ्या बांधलेल्या कातड्यांची रीतसर मोजदाद सुरू झाली. पहिला अहवाल आपल्या खानदेशाचाच होता. नमुने क्रंप यांनी गोळा केले आणि अहवाल रॉटन यांनी लिहिला. त्याच सुमारास लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसने उंदरांच्या गणांची फेरमांडणी केली. मेट्टाडला त्याने नव्या गणात घातले आणि सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांचे आडनाव त्या गणाला दिले. म्हणून आज त्या उंदराचे नाव आहे मिलार्डिया मेल्टाडा. साहेबाचे आडनाव आणि वडाराचा शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. लेग्गाडाचे नशीब इतके चांगले नव्हते. पुढे हा गण ‘मुस’ या मोठ्या गणात विलीन झाला आणि नाव रद्दबातल ठरले. वर्गीकरणाच्या नियमांनुसार ते योग्यच होते. पण त्या उंदराचे दार कसे ओळखावे हे ज्यांना माहीत होते, त्यांची एकमेव खूण त्याबरोबर गेली.

आणि त्या लोकांचे काय झाले? १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे या कायद्याच्या फासात ज्या जमाती आल्या त्यांत वडारही होते. ज्यांचा शब्द म्युझियमच्या खणात जपून ठेवला, त्यांनाच दुसऱ्या दप्तरात जन्मजात गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार समाजाचे नाव आजही आहे.

काटेरी, पण एका रक्ताचे नव्हेत

अलीकडे वर्तमानपत्रांत ‘काटेरी उंदरा’च्या नवलकथा येतात. तो उंदीर आणि आपला लेग्गाड यांत गल्लत होऊ नये. तो अकोमिस गणातला. आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या खडकाळ भागात तो राहतो, पूर्वेला सिंधपर्यंत आढळतो. नेपोलियनच्या फौजेबरोबर इजिप्तला गेलेल्या झोफ्रुआ सँतिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ साली कैरोच्या नावावरून त्यातल्या एका जातीचे नाव ठेवले. दोन्ही काटेरी उंदीर विज्ञानात आले ते फौजेच्या पाठोपाठ.

अकोमिसची कातडी अतिशय ठिसूळ असते. शत्रूने पकडले तर ती फाटून त्याच्या तोंडात राहते आणि उंदीर निसटतो. २०१२ साली ॲश्ली सायफर्ट आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या दोन जातींवर केलेला अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीची साठ टक्क्यांपर्यंत कातडी गेली तरी हे प्राणी जगतात. जखमेवर नुसता व्रण धरत नाही, तिथे केसांसकट नवी कातडी येते. कानाला पाडलेले भोकही भरून निघते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात असेही आढळले की कैरोच्या काटेरी उंदराच्या मादीला पाळी येते. कृंतक प्राण्यांत अशी ही पहिलीच नोंद. भाजलेली कातडी आणि स्त्रियांचे आजार या दोन्हींच्या संशोधनात म्हणून या उंदराला मोल आले आहे.

आपला लेग्गाड मात्र अकोमिसपेक्षा घरातल्या उंदराचा जवळचा नातलग आहे. अकोमिसची सोयरीक वाळवंटी जर्बिल उंदरांशी लागते. दोघांचे राठ केस स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या घराण्यांत आले. केरळ-कर्नाटकच्या घाटजंगलात झाडाच्या ढोलीत राहणारा आणखी एक काटेरी कृंतक आहे, तो तिसऱ्याच घराण्याचा. अंगावर काटा दिसला म्हणून गोत्र एक ठरत नाही.

हा भेद कशाला हवा?

बीड जिल्ह्याला हा प्रश्न विचारायची गरज पडू नये. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीडजवळच्या मामला गावात आधी उंदीर पडू लागले आणि मग माणसांना गाठी आल्या. भूकंपाच्या भीतीने माणसे घराबाहेर राहिली, आत धान्य राहिले आणि उंदीर वाढले, असे त्याचे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. सप्टेंबरात सुरत हादरली. त्या दिवसांत उंदीर या एका शब्दाने जिल्हा धास्तावला होता.

पण प्लेगची साखळी सगळ्या उंदरांतून सारखी जात नाही. रानातल्या काही जाती तो जंतू वर्षानुवर्षे सांभाळतात, त्यांच्यावरच्या पिसवा घरउंदरांवर येतात, आणि घरउंदीर मेले की त्या पिसवा माणसाकडे वळतात. यात कोणती जात, कोणत्या जमिनीत, घरापासून किती अंतरावर, हे कळल्याशिवाय बंदोबस्त म्हणजे अंधारात काठी मारणे. पिकाचेही तेच. मेट्टाडने कणसे पाडली म्हणून बांधावर झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवले, तर ते खाणारा लेग्गाडही असू शकतो. आमिष जात विचारत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी मातीवरून, बिळाच्या तोंडावरून हा भेद सांगणारी माणसे होती. त्यांतल्या एकाचेही नाव इलियटच्या यादीत नाही. नुसते ‘वडार’ एवढेच. आता माळ सपाट होत आहेत, मुरूम उचलला जातो आहे, बांध जेसीबीने निघत आहेत. पाटोदा, आष्टी, जामखेडकडच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी या दिवाळीनंतर, ज्वारी पोटरीत येण्याआधी, दोन कामे जरूर करावीत. एक, माळाच्या उतारावर खड्यांनी बुजवलेली बारीक बिळे दिसतात का ते पाहावे आणि न उकरता त्यांची नोंद करावी. दुसरे, आपल्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या वडार बाबांजवळ बसून रानातल्या उंदरांची नावे विचारावीत, आणि वहीत उंदराच्या नावाबरोबर सांगणाऱ्याचेही पूर्ण नाव लिहावे.