कंसातली फुफी

सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी करायचे असेल तर ते खोडत नाहीत. नावाला कंस घालतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. म्हणजे माणूस गेला, पण कोणत्या नोंदीने गेला ते कागदावर राहिले. ही पद्धत मला फार सभ्य वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मोठ्या फुफीचे नाव मला असेच सापडले, कंसात.

मी जुन्नरला उर्दू-मराठी शिकवतो. आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला आहे. फुफीच्या नातवाचा मुंबईहून फोन आला: "मामू, दादीचं नाव जमिनीवर होतं का हो कधी?" मी नाही म्हणालो. आजच्या उताऱ्यावर ते नव्हतेच. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून जुन्या फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज केला.

हे दप्तर कसे चालते ते आधी सांगतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू आहे. खरेदी, वारस, वाटप, हक्कसोड असे काहीही झाले की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमाने नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. रद्द झालेली नोंदही वहीत राहतेच. सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती कशी आली हे फेरफार सांगतो.

माझा मुलगा संगणकाचे शिक्षण घेतो. नकला पसरून बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "अब्बू, ये तो गिट है!" लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट तयार केले. प्रोग्राममधला प्रत्येक बदल त्यात स्वतंत्र नोंद होतो आणि प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीचा पत्ता बाळगते. कामाच्या फांद्या फुटतात, पुन्हा जोडल्या जातात. आपल्याकडे बारा नंबरचे बारा-एक, बारा-दोन होतात, ती फांदी. १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण योजना आली, तुकडे जोडून गट नंबर पडले, ती जोडणी. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे पाहायला आजही एकत्रीकरणाचा जुना उतारा काढावा लागतो.

गिटमध्ये आणखी एक सोय आहे, असे तो म्हणाला. इतिहास फार लांबला तर बऱ्याच नोंदी दाबून एक करता येतात. दिसायला सुटसुटीत, पण मधले कोणी काय केले ते त्या फांदीवर दिसेनासे होते. म्हणून जी फांदी इतरही वापरतात तिचा इतिहास परस्पर बदलू नये, असा त्यांच्यातला दंडक आहे. मला लगेच सातबाऱ्याचे पुनर्लेखन आठवले. हाताने लिहिलेला सातबारा साधारण दहा वर्षांनी नव्या कागदावर उतरवत. तेव्हा कंसातली नावे पुढे येत नसत. एका पुनर्लेखनात फुफी गळाली, आणि माझ्या पिढीला वाटले की ती तिथे कधी नव्हतीच.

या वहीतली भाषा वाचताना मला माझ्या दोन्ही भाषा भेटतात. वारस, हक्क, नक्कल, तपशील, मौजे, दप्तर. जुन्नर ही १४९० साली स्वतंत्र झालेल्या निजामशाहीची पहिली राजधानी. दख्खनच्या सुलतानांच्या काळात फारसी मजकुराखाली मोडीत मराठी लिहिलेले कागद निघत. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी गावदप्तरात जुने शब्द टिकले. काहींनी अर्थ बदलला. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. वर्गात हे सांगितले की मुले हसतात.

आमच्या फेरफारात मात्र हरकत कोणाचीच नव्हती. दादांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत तीन मुलगे आणि दोन मुली, पाचही नावे होती. पुढच्या नोंदीत दोघी बहिणींनी हक्क सोडल्याचे लिहिले होते. धाकट्या फुफीचा अंगठा होता. मोठीच्या नावापुढे अंगठा नाही, सही नाही. "भावांनी सांगितल्यावरून" एवढेच. त्या भावांत माझे अब्बा होते.

सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत आणि मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, हे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे. अब्बा पाच वेळचे नमाजी होते. त्यांनी बहिणीला फसवले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बहिणीने मागायचे नसते आणि भावाने विचारायचे नसते, ही आपल्या गावांतली रीत, हिंदूंत तीच आणि मुसलमानांत तीच. त्या रीतीने वहीत एक ओळ लिहिली आणि अब्बांनी ती लिहू दिली.

महसुली नोंदीने मालकी जन्मत नाही आणि नाव गळाले म्हणून हक्क मरत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मग आता काय? धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं?" मी त्याला नक्कल वाचायला दिली. गिट असो की फेरफार, जुनी नोंद पुसून चूक सुधारत नाहीत. तिच्या पुढे नवी नोंद घालतात.

फुफीच्या वारसांना त्यांचा हिस्सा देण्याचा कागद मी तयार करून घेतला आहे. माझी सही झाली, आपाची झाली. चाचांच्या मुलांनी विचार करायला वेळ मागितला आहे. धाकट्याने अजून केलेली नाही, पण नक्कल परतही दिलेली नाही.