विकत घेतलेलें यंत्र कोणाचें?

गेल्या दिवाळींत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. तो हिंजवडीस एका संगणक-कंपनींत नोकरीस आहे, आणि त्या धंद्यांतील बहुतेक तरुणांप्रमाणें त्यासही जगांतील यच्चयावत् वस्तूंविषयीं मत आहे. कोणता मोबाईल घ्यावा, कोणता घेऊं नये, शीतकपाटाला इंटरनेटशीं काय कर्तव्य आहे, जुना संगणक टाकून न देतां त्यांत कोणता भाग बदलावा, हीं सर्व मतें तो फराळ करतांना, जोडे घालतांना, किंबहुना कोणी विचारलें नसतांही देत असतो. मी तीं ऐकून सोडून देतों. परंतु पाडव्याच्या दिवशीं त्यानें दिलेलें एक मत मला सोडून देतां आलें नाहीं.

झालें असें कीं, माझ्या मुलीसाठीं घेतलेला प्रिंटर त्या दिवशीं अकस्मात् संपावर गेला. त्यांतील शाईचें कार्ट्रिज बाजारांतून स्वस्तांत आणलेलें होतें, मूळ कंपनीचें नव्हतें. यंत्राला ही गोष्ट आंतल्या आंत कळली आणि त्यानें एक अक्षरही छापण्याचें नाकारलें. भाच्यानें दोन-चार कळा दाबून पाहिल्या व तो म्हणाला, "मामा, हा प्रिंटर तुमचा आहे, हाच तुमचा गैरसमज आहे. तुम्ही नुसते पैसे दिलेत. हल्लीं कोणी कांहीं विकतच नाहीं, सगळें भाड्यानें देतात. पूर्वीं बरें होतें. वस्तु घेतली कीं ती आपली झाली."

यांतील पूर्वार्ध मला एकदम पटला. पण "पूर्वीं बरें होतें" हे शब्द कोणीं उच्चारले म्हणजे इतिहासाच्या अध्यापकास स्वस्थ बसवत नाहीं. कोणाच्या घरीं, कोणत्या सालीं आणि कोणत्या वस्तूच्या बाबतींत, हे प्रश्न त्याच्या मनांत उभे राहतात. दिवाळी संपल्यावर मीं थोडा शोध घेतला, आणि भाच्याचें म्हणणें अर्धें खरें व अर्धें खोटें आहे असें मला दिसून आलें. गंमत अशी कीं, जें अर्धें खोटें आहे तेंच अधिक विचार करण्यासारखें आहे.

आमच्या घरांतील पहिलें यंत्र म्हणजे रेडिओ. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें, तेव्हांपासूनच श्रोत्याला वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे. ती कंपनी १९३० सालीं बुडाली, केंद्रें सरकारकडे आलीं, पण परवाना तसाच राहिला; १९३३ च्या कायद्यानें तर विनापरवाना यंत्र जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धति रद्द होईपर्यंत घरोघरीं परवान्याचें छोटें पुस्तक असे. माझे वडील दर वर्षीं पोस्टांत जाऊन त्यावर तिकीट लावून आणीत, आणि तें पुस्तक शिधापत्रिकेबरोबर कपाटाच्या वरच्या खणांत ठेवीत. म्हणजे यंत्र आमचें, परंतु तें ऐकण्याची मुभा सरकारची! तथापि येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. सरकार पैसे घेई, पण रेडिओच्या पोटांत हात घालीत नसे. तो बिघडला कीं वडील तो पिशवींत घालून बुधवार पेठेंतल्या तपकीर गल्लींत नेत. तेथील कारागीर मागची पाठ उघडून नवा वाल्व्ह बसवी, आणि तो वाल्व्ह कोणत्या कारखान्याचा आहे हें रेडिओ त्याला विचारीत नसे.

टेलिफोनची गोष्ट अगदीं निराळी. मुंबईंत १८८२ सालीं पहिलें एक्स्चेंज निघालें, त्या दिवसापासून ग्राहकाच्या घरीं बसविलेलें यंत्र ग्राहकाचें नव्हतेंच. आधीं तें खासगी कंपनीचें होतें. १९४३ मध्यें सरकारनें मुंबईची व्यवस्था ताब्यांत घेतल्यावर तें सरकारी खात्याचें झालें. पुढें "ओन युवर टेलिफोन" या नांवाची एक योजना होती. तिच्या नांवांत स्वामित्वाचा शब्द असला, तरी भली मोठी रक्कम आगाऊ भरून हातीं पडे तो केवळ रांगेंतील अग्रक्रम. ज्या घरीं तो काळा, जड टेलिफोन येई, त्या घरीं त्यावर भरतकामाचा रुमाल पसरीत. भाड्याच्या वस्तूचा इतका थाट दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा झाला नसेल.

अमेरिकेंत तर हें भाडेकरूपण पराकोटीस गेलें होतें. तेथील ए. टी. अँड टी. कंपनीचा नियम असा कीं, तिच्या यंत्राला परकी वस्तु जोडावयाचीच नाहीं. बोलणें शेजाऱ्यास ऐकूं जाऊं नये म्हणून मुखाशीं अडकविण्याचा "हश-अ-फोन" नांवाचा एक साधा पेला बाजारांत मिळे; त्यांत तार नाहीं, वीज नाहीं, कांहीं नाहीं. त्यालाही कंपनीनें हरकत घेतली, सरकारी आयोगानें कंपनीची बाजू उचलून धरली, आणि अखेर १९५६ सालीं न्यायालयानें तो निर्णय फिरविला. ग्राहकानें आपल्या घरीं, आपल्या तोंडापुढें पेला धरावा कीं नाहीं, याचा खल वरिष्ठ न्यायालयापर्यंत जावा, हें आज वाचतांना हसूं येतें. त्यानंतर टेक्ससच्या कार्टर नांवाच्या उद्योजकानें बिनतारी यंत्राची सांगड टेलिफोनशीं घालणारें एक उपकरण काढलें, आणि १९६८ च्या निकालानें परकीं उपकरणें जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. आज आपण घरच्या तारेला वाटेल तें यंत्र जोडतों, त्या सवयीचें मूळ या निकालांत आहे.

येथवर वाचून वाचक म्हणतील कीं, मग भाच्याचें म्हणणें साफच खोटें ठरलें. पूर्वींही यंत्रें आपलीं नव्हतींच. परंतु त्याच कंपनीनें १९५० च्या सुमारास घरोघरीं दिलेला टेलिफोन पाहावा. तो हातांतून पडला तरी फुटत नसे, वर्षानुवर्षें वापरला तरी झिजत नसे. कंपनी उदार होती म्हणून तो असा बनला असें नाहीं. यंत्र तिचें होतें. बिघडलें तर माणूस पाठवून तें दुरुस्त करण्याचा खर्च तिच्याच पदरीं पडत होता. तेव्हां न बिघडणारें यंत्र करण्यांतच तिचा फायदा होता. पुढें तिची मक्तेदारी मोडून १ जानेवारी १९८४ रोजीं तिचे भाग पडले, दुकानांतून टेलिफोन सर्रास विकत मिळूं लागले, आणि त्या स्वस्त खेळण्यांपुढें जुना भाड्याचा टेलिफोन किती भक्कम होता हें लोकांस कळून आलें. आमच्या देशांत दुरुस्तीचा माणूस येण्यास कधीं कधीं महिनाही लागे हें मी विसरलेलों नाहीं. पण तो येई, आणि आल्यावर आमच्याकडून यंत्राची किंमत मागत नसे.

हाच न्याय मोठ्या यंत्रांस लावून पाहूं. आय. बी. एम. कंपनी कार्डांवर भोकें पाडून हिशेब करणारीं यंत्रें विकत नसे, भाड्यानें देई. आणि त्यांत घालावयाचीं कागदी कार्डें तिच्याकडूनच घ्यावींत अशी अट असे. परकीं कार्डें घातलीं तर यंत्राचें काम बिघडेल व कंपनीची अपकीर्ति होईल, असें तिचें म्हणणें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९३६ सालीं ती अट बेकायदा ठरविली. आमच्या प्रिंटरनें पाडव्याच्या दिवशीं पडद्यावर जें कारण दाखविलें तें अक्षरशः हेंच होतें, आणि नव्वद वर्षांपूर्वीं न्यायासनासमोर नापसंत झालेला युक्तिवाद एका डबीएवढ्या यंत्रानें मला ऐकवावा याचें मला मोठें आश्चर्य वाटलें. १९५६ च्या एका तडजोडीनें त्या कंपनीला अमेरिकेंत यंत्रें विकणेंही भाग पडलें. भारतांत मात्र तिनें भाड्याचा रिवाज पुढेंही चालविला. पुढारलेल्या देशांत मागें पडलेलीं यंत्रें येथें भाडें मिळवीत राहिलीं, अशी त्या काळची तक्रार होती. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानें भागभांडवलाचा प्रश्न निघाला, आणि १९७८ सालीं कंपनीनें येथील गाशा गुंडाळला. मग तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेनें अंगावर घेतली. परक्याचें यंत्र उघडून, समजून घेऊन चालतें ठेवण्याचें शिक्षण आमच्या अनेक अभियंत्यांस त्या निमित्तानें मिळालें. माझ्या भाच्याच्या धंद्याच्या वंशवृक्षांत ही शाखा आहे. त्याला मात्र तिची गंधवार्ता नव्हती.

मग नवें काय झालें? माझ्या मतें नवी गोष्ट १९६९ च्या जूनमध्यें झाली. तोंपर्यंत संगणकाबरोबर त्यास चालविणाऱ्या आज्ञा, ज्यांस आपण सॉफ्टवेअर म्हणतों, त्या बहुधा फुकट मिळत. त्या महिन्यांत आय. बी. एम.नें दोहोंची किंमत वेगळी करण्याचें जाहीर केलें, आणि यंत्र व यंत्राची बुद्धि या दोन वस्तू झाल्या. पहिली विकतां येते. दुसरीची केवळ वापरण्याची परवानगी दिली जाते. सुमारें १९८० मध्यें अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत एक नवा प्रिंटर आला. तो कागद अडकून वरचेवर बंद पडे. रिचर्ड स्टॉलमन या तरुणानें पूर्वींच्या यंत्रांत केली होती तशी, कागद अडकला कीं सर्वांस वर्दी देणारी, सुधारणा याही यंत्रांत करण्याचें ठरविलें. पण आंतल्या आज्ञांची प्रत त्यास मिळेना. ज्या विद्वानाजवळ ती होती त्यानें गुप्ततेचा करार केला होता. ही अडवणूक स्टॉलमनच्या मनांत सलत राहिली, आणि १९८३ सालीं त्यानें सर्वांस मुक्तपणें वापरतां, वाचतां व बदलतां येईल अशा सॉफ्टवेअरचा उपक्रम जाहीर केला. प्रिंटर या वस्तूनें मनुष्याच्या सहनशीलतेचा अंत पाहिल्याची ही बहुधा पहिली ऐतिहासिक नोंद असावी.

हळूहळू ही परवान्यावर दिलेली बुद्धि प्रत्येक वस्तूच्या पोटांत शिरली. २००९ च्या जुलैमध्यें अ‍ॅमेझॉन कंपनीनें ग्राहकांनीं पैसे देऊन घेतलेलीं जॉर्ज ऑर्वेलचीं दोन पुस्तकें त्यांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकलीं. ज्यानें तीं विक्रीस ठेवलीं त्यास तसा हक्क नव्हता, हें कारण खरें होतें. पैसेही परत केले. कंपनीच्या प्रमुखानें पुढें माफीही मागितली. पण पुस्तकविक्रेता रात्रीं आपल्या घरांत शिरून कपाटांतलें पुस्तक नेतो व टेबलावर पैसे ठेवून जातो, असें आजपर्यंत झालें नव्हतें. त्यांतील एक पुस्तक "नाइन्टीन एटी-फोर" असावें, हा योगायोग कादंबरींत घातला असता तर टीकाकारांनीं ओढूनताणून आणलेला म्हटला असता. २०२२ मध्यें बी. एम. डब्ल्यू.नें कांहीं देशांत मोटारींत आधींच बसविलेली बैठक गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर ठेवली, आणि लोकांच्या रोषामुळें पुढच्याच वर्षीं ती कल्पना सोडून दिली. पुण्याच्या मे महिन्यांत बैठक गरम होण्यासाठीं कोणीही पैसे मोजणार नाहीं. तरी मुद्दा तोच.

आतां हिशेब मांडला तर असें दिसतें. टेलिफोनचा भाडेकरू भाडें भरी, पण दुरुस्ती मालकाची असे. रेडिओचा धनी पूर्ण किंमत भरी, दुरुस्ती त्याचीच असे, पण ती कोणाकडून करावी हें त्याच्या मर्जीवर असे. आजच्या यंत्राचा ग्राहक किंमत धन्याची भरतो, दुरुस्तीचा भार धन्यासारखा सोसतो, आणि अधिकार मात्र त्याला भाडेकरूचे मिळतात. नव्हे, जुन्या भाडेकरूचे होते तेवढेही नाहींत. भारत सरकारच्या ग्राहक-खात्यानें २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ काढलें, व त्यांत शेतीचीं अवजारें, मोबाईल, घरगुती उपकरणें आणि मोटारी हे चार वर्ग घेतले. त्यावर कंपन्यांनीं दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ति यांतील अंतर मोठें असतें.

हें सर्व मीं भाच्यास तुळशीच्या लग्नाच्या सुमारास टेलिफोनवर सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तुम्हांला एक सांगूं का? आमच्या ऑफिसांत मी तेंच काम करतों. ग्राहकाची वर्गणी संपली कीं कोणती सोय बंद करावयाची, तो भाग माझ्याकडे आहे." मीं विचारलें, "मग तुझें मत काय?" तो म्हणाला, "एकदां विकून मोकळें झालों तर पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्त्या कोण करणार? चोरवाटा रोज निघतात, त्या बुजवायला माणसें लागतात, त्यांचे पगार लागतात. तें कोणाला दिसत नाहीं." हें म्हणणें खोटें नाहीं. टेलिफोन कंपनीही हेंच म्हणत असे. फरक इतकाच कीं तिचा माणूस शिडी घेऊन दारांत येतांना दिसत असे. मीं त्याला विचारलें कीं, वर्गणी भरणाऱ्याचें यंत्र दहा वर्षें चाललें पाहिजे अशी अट तुझ्या कंपनीच्या करारांत आहे काय. त्यानें पाहून सांगतों म्हटलें. अद्यापि सांगितलेलें नाहीं.

प्रिंटर मीं मध्यंतरीं तपकीर गल्लींत नेला होता. वडिलांच्या वेळचें दुकान राहिलें नाहीं, शेजारच्या दुकानांतील मुलानें तो उघडून पाहिला व म्हणाला, "सर, यंत्र एकदम चांगलं आहे. फक्त ते ऐकत नाही." त्यानें तें ठेवून घेतलें आहे, आणि शनिवारीं येण्यास सांगितलें आहे.