निस्तार : झाडीपट्टीतील असंतोषाचा एक शब्द

संतवाङ्मय शिकवताना 'निस्तार' हा शब्द आला की आम्ही 'सुटका, भवसागरातून पार पडणे' असा अर्थ सांगून पुढे जातो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत मात्र निस्तार म्हणजे जळणाची लाकडे, छपराचे गवत, नांगराचे लाकूड आणि गुरांची चराई. गावाला पूर्वापार मिळत आलेला जंगलाचा उपभोग. या दुसऱ्या अर्थात या प्रदेशाच्या ब्रिटिशविरोधी असंतोषाचा मोठा भाग सामावला आहे, असे आम्हांस वाटते.

येथील पहिला प्रतिकार संस्थानिक वळणाचा होता. सीताबर्डीच्या पराभवानंतर, १८१८ मध्ये, आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने उठला आणि मोडला गेला. तो प्रश्न गादीचा होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने नागपूर खालसा केले, आणि गादीचा प्रश्न कागदावर तरी मिटला.

मग आले कागदाचे राज्य. १८६० च्या दशकातील जमाबंदीने मालगुजार गावाचे मालक ठरले. उरलेले विस्तीर्ण जंगल सरकारचे झाले. गावाचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तात नोंदले गेले खरे, पण नोंदलेला हक्क आणि फॉरेस्ट गार्डची मर्जी यांत पुष्कळ अंतर असते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात काल जो निस्तार होता तो आज गुन्हा ठरू लागला. साम्राज्य म्हणजे काय, हे खेड्याला व्हाइसरॉयमुळे कळले नाही. कोंडवाड्यात अडकलेल्या बैलामुळे कळले.

तक्रार आणि बंड यांत फरक असतो. तक्रारदार राज्यकर्त्याचा अधिकार मानून दाद मागतो. हा अधिकारच नाकारण्याची भाषा झाडीला १९३० मध्ये मिळाली. मध्य प्रांताला समुद्र नाही, मिठागरे नाहीत; तेव्हा मिठाच्या जागी गवत आले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक अण्यांनी वऱ्हाडात पुसद येथे गवत कापून कायदा मोडला. शहरी पुढाऱ्यांना ते प्रतीक होते. गोंडांना ते प्रतीक नव्हते, ते त्यांचे गवतच होते! त्याच वर्षी शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे गोळीबार झाला. चार आदिवासी मारले गेले, त्यांत तीन स्त्रिया होत्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील तुमसरला गोळीबार झाला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टी आणि चिमूर उठले. चिमुरात काही काळ सरकार उरलेच नाही. पाठ्यपुस्तके या उठावाला मुंबईच्या ठरावाचा पडसाद म्हणतात. चिमूरचा संबंध थेट जंगलाशी जोडण्याचा आमचा आग्रह नाही; परंतु पडसाद उमटायला पोकळी लागते, आणि ती साठसत्तर वर्षे कोरली जात होती. नंतर चिमूरवर जो सूड उगवला गेला, त्याच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, मालगुजारी गेली. जंगल मात्र सरकारचेच राहिले, आणि १९२७ चा वन कायदाही. 'निस्तार' हा शब्द गावाचा हक्क म्हणून संसदेच्या कायद्यात आला तो २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये. त्या कायद्याखालचे दावे झाडीतल्या ग्रामसभा आजही दाखल करीत आहेत.