वऱ्हाडचे पेव रिकामे कसे झाले?

१/ आपल्या भागात, आपल्या हंगामात पिकलेले अन्न विकत घ्यावे, असा आग्रह आज शहरांत ऐकू येतो. मंगरूळपीरच्या परिसरात दीडशे वर्षांपूर्वी हाच रोजचा व्यवहार होता. तो कसा मोडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगणारा हा धागा.

२/ हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे मंगरूळच्या नावाला 'पीर' जोडले गेले. या भागाचे मुख्य अन्न ज्वारी. तिच्या जोडीला तूर, मूग, उडीद. रब्बीत गहू, हरभरा, जवस. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, हिवाळ्यात हुरडा. ताटात काय येणार, हे ऋतू ठरवीत असे.

३/ पिकलेले सगळेच धान्य बाजारात जात नसे. सुतार, लोहार, कुंभार यांचे बलुते खळ्यावरच मोजले जाई. उरलेली ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठारात, साठवत. पाऊस हुकला तर पहिला आधार पेवाचा.

४/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजाराला फाटा मिळाला.

५/ मंगरूळपीरच्या शेजारचे कारंजा या कथेत महत्त्वाचे. १८८६ मध्ये येथे देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ उभी राहिली, ती कापसासाठी. गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा, हा तिचा एक प्रमुख हेतू. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाही झाला.

६/ शेतकऱ्याने कापूस का पेरला? शेतसारा रोख, सावकाराचे व्याज रोख, आणि रोख पैसा देणारे पीक कापूस. त्याच्या बाजूने हिशेब बरोबरच होता. मात्र कापूस खाता येत नाही. घरची ज्वारी कमी पडली की ती विकत आणावी लागे, आणि भाव गावाच्या हाती नसे.

७/ १८९९ मध्ये पावसाने दगा दिला. धान्य आणण्यासाठी रेल्वे होती. पण भाव चढले आणि शेतातली मजुरी बंद पडली. सर्वांत आधी कोसळला तो भूमिहीन मजूर. त्याच्याकडे पेवही नव्हते आणि पैसाही नव्हता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. मागोमाग रोगराई आली.

८/ मंगरूळ तेव्हा वाशीम जिल्ह्यात होते. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव 'बासीम'. १९०१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत सुमारे ११ टक्के घट. १९०५ मध्ये हा जिल्हाच मोडून मंगरूळ अकोल्याला जोडले गेले.

९/ याचा अर्थ जुनी व्यवस्था निर्दोष होती, असा नाही. पेव भरलेले असे ते जमीनवाल्याचे. बलुत्यात जातीची उतरंड होती. आणि पाऊस नसेल तर स्थानिक ज्वारीही उगवत नाही. पण साठा गावात असणे आणि साठा दूरच्या व्यापाऱ्याच्या वखारीत असणे, यांत दुष्काळाच्या वर्षी जीवन-मरणाचे अंतर पडते.

१०/ १९९८ मध्ये वाशीम पुन्हा जिल्हा झाला. आज येथील खरिपावर सोयाबीनचे राज्य आहे. तेही मुख्यतः तेल आणि पेंडीच्या कारखान्यांकडे जाते. भाव येथे ठरत नाही. म्हणून आठवडी बाजारात जवळच्या गावची ज्वारी, तूर किंवा तरोट्याची जुडी विकत घेणाऱ्याचा व्यवहार छोटा असला, तरी त्याला वऱ्हाडात मोठा इतिहास आहे. ज्वारीला गावातच गिऱ्हाईक असेल, तरच ती पुढच्या मृगात पेरली जाईल.