नोंदवहीतली आनुवंशिकता

जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त म्हटला की सेझारे लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरचं नाव पुढे येतं. कवटी आणि जबड्याच्या ठेवणीवरून असा माणूस ओळखता येतो, असं सांगणारं त्याचं पुस्तक १८७६ साली निघालं. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. त्यासाठी कुणाची कवटी मोजावी लागली नाही. जात बापाकडून मुलाकडे येते, जातीबरोबर धंदा येतो, मग चोरीही तशीच येत असणार, एवढं अनुमान पुरलं. कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११नंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट अशा जमातींतल्या माणसांची नावं नोंदली गेली, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी आणि परवाने आले. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी राहिली.

या आनुवंशिकतेचा पुरावा कायद्यानंच तयार केला, असं मला वाटतं. नोंदलेल्या माणसानं हजेरी चुकवली किंवा परवान्याशिवाय हद्द ओलांडली, तर तोच गुन्हा. त्याची शिक्षा दप्तरात चढे, आणि ही जमात गुन्हेगारच आहे, हे सांगायला पुढच्या अधिकाऱ्याला तेच दप्तर उपयोगी पडे. बाप नोंदलेला, मुलगा नोंदलेला, दोघांनाही शिक्षा झालेली. यात रक्ताचा वाटा किती आणि वहीचा किती, हे वेगळं काढायची सोयच उरली नव्हती. त्याआधीचा इतिहास पाहिला तर रक्ताची गोष्ट टिकत नाही. रामोशी गावाची राखण करत, गडांवर पहारा देत आणि त्याबद्दल त्यांना वतनी हक्क मिळत. पेशवाई गेल्यावर पुरंदरच्या रामोश्यांचे हक्क गेले, तेव्हा उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. १८३२मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत. सरकारी मिठाचे निर्बंध आले, रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचा तो व्यापार बसला. एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलली होती ती पोटाची सोय.

कुणी म्हणेल, आजचं जनुकशास्त्र लोम्ब्रोसोइतकं भाबडं नाही. खरं आहे. १९९३ साली एका डच कुटुंबातल्या काही पुरुषांच्या आक्रमक वागण्यामागे एका विकराच्या जनुकातला दोष सापडला. पण तो दोष अतिशय दुर्मिळ आहे. त्याच जनुकाच्या सर्रास आढळणाऱ्या प्रकारांवरचा २००२चा अभ्यास बालपणीच्या छळाचा संबंध दाखवतो: छळ झालेल्या मुलांमध्ये जनुकाचा फरक ठळक दिसला. शिवाय व्यक्ती-व्यक्तींमधल्या फरकात आनुवंशिकतेचा काही वाटा असला, तरी त्यावरून दोन समाजांमधल्या फरकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंग्रजांना रक्त अभिप्रेत नव्हतं, परंपरागत धंदा अभिप्रेत होता, म्हणून तर त्यांनी सुधारणेसाठी वसाहती काढल्या. हेतू तसा असेलही. पण धंदा शिकावा लागतो, आणि संशय मात्र तान्ह्या मुलावरही होता. १९२४च्या कायद्यानं सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यासाठी त्या मुलानं काही चोरलेलं असण्याची अट नव्हती.