एका कडीची बादली

जर्मन भाषेत बादलीला 'आयमर' म्हणतात. हजारेक वर्षांपूर्वी हाच शब्द 'आइनबार' असा होता. 'आइन' म्हणजे एक आणि 'बार' म्हणजे वाहणं. एका कडीनं उचलायचं भांडं. त्याचा जोडीदार 'त्सुबर', जुना उच्चार 'त्स्विबार'. हे दोन कानांचं लाकडी भांडं, आपल्या घंगाळासारखं. भरलं की दोघींनी धरायचं.

पण 'आयमर' मुळात जर्मन नव्हेच! ग्रीक लोक दोन कानांच्या उंच मातीच्या भांड्याला जे म्हणत, त्यावरून लॅटिनमध्ये 'आम्फोरा' झालं. अर्थ, दोन्ही बाजूंनी उचलायचं. हा शब्द जर्मनांकडे गेला, तेव्हा त्यांना तो उलगडेना. मग हातातल्या भांड्याकडे बघून त्यांनी तो आपल्या बोलीत वळवून घेतला. दोन कानांचा शब्द एका कडीचा झाला. हे काम पंडितांचं नाही, पाणी वाहणाऱ्यांचंच असणार, असं आम्हाला वाटतं.

तो 'बार' आणि आपला 'भार' एकाच मुळातले. 'त्स्वि' आणि संस्कृत 'द्वि' हेही तसेच.

गटात हे सांगितलं, तर एक मावशी म्हणाल्या, "मग आपल्या हंड्याच्या नावात डोकं कुठं गेलं गं?"