ब्रेक : शून्य क्रमांकाचा हुकूम

लहानपणी ज्या व्हिडिओ गेमवर आम्ही ईदीचे पैसे उडवले, ती निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होती हे मला फार उशिरा कळलं. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै 1983ला आला. त्यातली रिकोची चिप मुळात 1975च्या अमेरिकन 6502वर बेतलेली. या 6502च्या हुकमांत शून्य क्रमांकाचा हुकूम आहे 'बीआरके', म्हणजे ब्रेक. मी बरीच वर्षं त्याला बिनकामाचा समजत होतो.

ब्रेक आला की प्रोसेसर परतीचा पत्ता आणि स्टेटस स्टॅकवर ठेवतो आणि ठरलेल्या जागी उडी मारतो. बाहेरून येणारा साधा इंटरप्टही तिथेच जातो. दोघांतला फरक स्टॅकवरच्या स्टेटसमधल्या एका बिटवरून ओळखायचा.

पण क्रमांक शून्यच का? अरबीत शून्याला 'सिफ्र' म्हणतात, म्हणजे रिकामं. मला वाटायचं, रिकामी जागा भरायला काहीतरी ठेवलं असेल. उत्तर निघालं प्रोग्राम साठवायच्या पीरॉममध्ये. त्या काळच्या अनेक पीरॉममध्ये कोरा बिट 1 असे, जाळला की 0, आणि 0चा पुन्हा 1 होत नसे. म्हणजे चुकीच्या हुकमाचा कुठलाही बाइट उरलेले बिट जाळून शून्य करता येई. तिथे ब्रेक बसला की प्रोसेसर मोकळ्या जागेत लिहिलेल्या दुरुस्त तुकड्याकडे वळवायचा. परतताना ब्रेकपुढचा एक बाइट ओलांडला जातो, त्यामुळे दोन बाइटचा हुकूम बदलायचा असेल तर हिशेब नेमका जुळतो. अख्खी चिप फेकावी लागत नाही. चक पेडल आणि त्यांचे साथीदार मोटोरोला सोडून आले होते ते स्वस्त प्रोसेसर बनवायला. 6502 त्यांनी 25 डॉलरला विकली. ही काटकसर त्याच वळणाची वाटते.

फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये मात्र कारखान्यातच छापून येणारा रॉम. जाळून दुरुस्त करायची सोयच नाही. त्यात पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला, सेकंदाला सुमारे 60 वेळा, एनएमआय नावाचा न टाळता येणारा इंटरप्ट येतो. ब्रेक सुरू असतानाच तो आला तर प्रोसेसर एनएमआयच्या वाटेने जातो आणि ब्रेकचं काम राहूनच जातं. मूळ 6502मधलाच हा दोष.

तरी प्रोग्राम भरकटून शून्यांनी भरलेल्या मेमरीत शिरला, तर पहिलाच बाइट ब्रेक ठरतो. आम्हाला यातलं काय ठाऊक? गेम अडकला की कॅसेट काढायची आणि फुंकर मारायची.